सकपाळांचा बुटका बांबू

अंकुशराव सकपाळांना आयुष्यात फार काही नको होतं. सकाळचा चहा गरम असताना प्यावा आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मध्ये कुणी न बोलता वाचावा, एवढंच. सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात अख्खी नोकरी गेली. त्या काळात चहा बूट घालता घालता प्यायला आणि पेपर रात्री शिळा झाल्यावर चाळला. म्हणून रिटायर झाल्यावर खांदेश्वरला मुद्दाम तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. फ्लॅटच्या मागच्या दारी खोलीएवढी मातीची पट्टी होती. तिथे एक खुर्ची टाकायची, चहा-पेपर घेऊन बसायचं आणि जगाला सांगायचं, बाबांनो, आता तुम्ही तुमचं बघा.

जग ऐकायला तयार होतं. पट्टीच्या कडेला कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे पोपटराव नरवाडे राहत होते. ते तयार नव्हते.

पोपटराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर लातूरहून मुलाकडे राहायला आले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला उठवून तिकीट विचारायची त्याला सवय होती. माणूस मात्र सोन्यासारखा आणि खरी अडचण तीच होती. वाईट शेजाऱ्याशी भांडता तरी येतं. चांगल्या शेजाऱ्याचं काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

"जय भीम, सकपाळसायेब. काय करायलाव?" रोज सकाळी भिंतीवर दोन कोपरं टेकवून पोपटराव विचारायचे.

"जय भीम. पेपर वाचतोय."

"वाचा, वाचा. मी मधी बोलत नाही. फक्त एक सांगतो."

ते एक म्हणजे उदगीरच्या घाटात बंद पडलेल्या गाडीपासून सुरू व्हायचं, थोरल्या मुलीच्या सोयरिकीवरून डाव्या गुडघ्यापाशी यायचं आणि तिथे जरा विसावा घेऊन परत उदगीरला जायचं. तोवर अंकुशरावांच्या चहावर जाड साय धरलेली असायची. पोपटरावांच्या पत्नी, बायजाबाई, मागे उंबऱ्यावर बसून मेथी निवडत असायच्या आणि नवऱ्याच्या बोलण्याला मान डोलवायच्या. इतक्या दिवसांत अंकुशरावांनी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्याविषयी अंकुशरावांना फार आदर वाटायचा.

"सरळ सांगून टाका ना त्यांना, मला वाचू द्या म्हणून," शर्मिलाबाई म्हणायच्या.

"कसं सांगणार? परवाच त्यांनी ठेचा पाठवला."

"मग खाऊ नका ठेचा."

"ठेचा चांगला होता गं," अंकुशराव खिन्नपणे म्हणायचे.

भिंत वाढवून घ्यावी, असा एक विचार त्यांनी करून पाहिला. सोसायटीच्या सेक्रेटरी गीतांजली मॅडम म्हणाल्या, "काका, भिंतीला हात लावायचा नाही, रूल आहे. झाडं लावा, किती पण लावा." त्यावरून अंकुशरावांना बांबू सुचला. पण मोठा बांबू थेट तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरला असता आणि लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून नवं भांडण लागलं असतं. तेव्हा बांबू बुटका हवा. बारीक पानाच्या बांबूतून पलीकडचा माणूस दिसतो आणि पलीकडचा माणूस पोपटराव असेल तर त्यालाही आपण दिसतो. तेव्हा पान रुंद हवं. जुन्या सवयीनं त्यांनी हे सगळं कागदावर उतरवलं: उंची बसलेल्या माणसाचं डोकं झाकेल इतकी, पान रुंद, झुडूप दाट, वाढ जोमदार. खरेदी विभागातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं की, जे लिहून मागितलं नाही ते मिळत नाही. जे लिहून नाकारलं नाही ते मात्र हमखास मिळतं, हे रिटायर झाल्यावर ते विसरले होते.

एका रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन हळूच बाहेर पडले. गेटपाशी पोपटराव स्कूटर पुसत उभे होते.

"कुठं चाललाव?"

"नर्सरीत. जरा झाडं बघायला."

"काऊन?"

इथे अंकुशरावांना खरं बोलता आलं असतं. पण पोपटरावांचा चेहरा इतका आपुलकीचा होता की, तुम्ही दिसू नये म्हणून, हे शब्द त्यांच्या तोंडून फुटेनात. त्याऐवजी भलतंच निघालं.

"डोळ्यांसाठी हो. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी हिरवं काहीतरी बघत जा."

पोपटराव गप्प झाले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग हलक्या आवाजात, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचेल अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "कमी दिसायलंय?"

"थोडंसं."

"आन् एकटे निघालाव? रस्त्यानं डंपर किती हायत बगा. बसा मागं. मी किक मारतो."

अशा रीतीनं पोपटरावांना झाकणारा बांबू निवडायला अंकुशराव पोपटरावांच्याच स्कूटरवर बसून गेले.

पनवेलच्या अलीकडे रस्त्याला लागून एक नर्सरी होती. नर्सरीवाल्यानं आधी पिवळ्या खोडाचा उंच बांबू दाखवला. पोपटराव म्हणाले, "हे बगायला मान वर करा, म्हंजी डोळ्यांचं ऱ्हाऊ द्या, मानंचं दुखणं लागंल." मग त्यानं फुगीर पेरांचा एक बांबू पुढे केला. "ही फॅन्सी व्हरायटी. बुद्धाज बेली म्हणतात."

"बेली म्हंजी?"

"पोट," अंकुशराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आपल्याला नको," पोपटराव म्हणाले. "हालमधी वंदना करायची आन् मागल्या दारी असल्या नावाच्या झाडाला पानी घालायचं, बरं दिसत नाही." अंकुशरावांना हे मनापासून पटलं. निवडीच्या त्या सबंध सकाळी दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

शेवटी हिरव्या जाळीखाली, मागच्या बाजूला, हवा तो बांबू सापडला. पान चांगलं चार बोटं रुंद, रंग काळपट हिरवा आणि झुडूप असं दाट की त्यात हरवलेली चप्पल दिवाळीपर्यंत मिळू नये. त्याचं खरं नाव इतकं लांब होतं की, नर्सरीवाल्यालाही ते एका दमात म्हणता येईना. तो सरळ बुटका बांबूच म्हणत होता. दोन मापांची रोपं होती, छातीएवढी आणि गुडघ्याएवढी. अंकुशरावांनी छातीएवढ्यावर हात ठेवला.

"ह्ये नको," पोपटराव म्हणाले. "तुमी बसनार खुर्चीत. पान नजरंच्या खाली पायजे, म्हंजी पापनी मिटल्यासारकी ऱ्हाती आन् डोळ्याला आराम. ह्ये ल्हान घ्या."

"जरा उंच असते तर बरं."

"वाढतील की साहेब," नर्सरीवाला म्हणाला.

"किती वाढतील?"

"जागा मिळेल तेवढे."

हे उत्तर खरेदी विभागात कुणी दिलं असतं तर अंकुशरावांनी त्याला परत पाठवून खुलासा मागवला असता. पण तोवर पोपटरावांनी गुडघ्याएवढी रोपं स्कूटरच्या पायात रचायला घेतली होती.

लावणीही पोपटरावांनीच केली. भिंतीवरून टांग टाकून ते अलीकडे आले, भिंतीलगत चर खणला आणि रोपं ओळीनं उभी केली. सकपाळांनी बांबू लावला म्हटल्यावर सोसायटीत जे विनोद व्हायचे ते सगळे दोन दिवसांत होऊन गेले. तिसऱ्या दिवशी अंकुशराव चहा घेऊन बसले. समोर गुडघ्याएवढी हिरवी ओळ होती आणि तिच्यावर अख्खे पोपटराव दिसत होते. अंकुशरावांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. भिंतीवरून एक हात आला आणि पेपर अलगद काढून घेऊन गेला.

"असं बारीक अक्षर वाचून डोळे घालवायचेत का? तुमी बांबूकडं बगा. मी वाचून दाखवतो."

त्या दिवसापासून पोपटराव पेपर वाचू लागले. ते पहिल्या पानापासून वाचत आणि काहीही गाळत नसत. निविदा, हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिराती, श्रद्धांजल्या, सगळं खड्या आवाजात आणि प्रत्येकावर आपलं मत जोडून. एखाद्या बातमीत लातूर जिल्ह्याचं नाव आलं की पेपर घडी होऊन बगलेत जायचा आणि गाडी उदगीरला लागायची. अंकुशराव बांबूकडे बघत बसायचे. थोड्याच दिवसांत त्यांना प्रत्येक पान चेहऱ्यानं ओळखता येऊ लागलं.

पुढचं सगळं काळजीपोटी झालं. पोपटरावांनी वॉचमनला सांगितलं, वॉचमननं लिफ्टमध्ये सांगितलं आणि लिफ्टमधून बातमी मजल्या मजल्यावर उतरली. अंकुशराव गेटवर आले की वॉचमन धावत येऊन त्यांचा हात धरायचा आणि पायरी नसली तरी "पायरी आहे, काका" म्हणायचा. गीतांजली मॅडम भेटल्या की आधी सांगायच्या, "काका, मी गीतांजली. तुमच्या उजव्या बाजूला उभी आहे." अंकुशराव नाइलाजानं उजवीकडे बघून हसायचे. बाहेर मोबाइल बघायची सोय उरली नाही. महाडहून धाकटी बहीण फोनवर रडली आणि म्हणाली, "दादा, तू मला शेवटचं नीट कधी पाहिलंस रे?"

"आता तरी खरं सांगून टाका," शर्मिलाबाई म्हणाल्या. "मला लोक विचारतात, घरात फर्निचर हलवलं नाही ना म्हणून. टेन्शन येतं मला."

"काय सांगू? तुम्हाला टाळायला खोटं बोललो, असं सांगू?"

"हो."

"अगं, त्यांनी काल कुठल्याशा गोठ्यातून शेणखताचं पोतं आणलं. स्कूटरवर, मांडीवर घेऊन."

मांडीवर शेणखत घेऊन येणाऱ्या माणसाला खरं सांगायला वाघाचं काळीज लागतं, आणि अंकुशरावांचं काळीज खरेदी विभागातलं होतं.

पावसाळा निम्मा सरला, तेव्हा एका सकाळी पोपटराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "सायेब, तुमचा बांबू आमच्याकडं आलाय."

अंकुशरावांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. भिंतीखालून वाट काढून पलीकडच्या मातीत बांबूचे टोकदार कोंब वर आले होते. नर्सरीवाल्याचं म्हणणं त्यांना आता कळलं. "मी उपटून देतो," ते ओशाळून म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की. दारात आलेला पाव्हना उपटायचा व्हय?" असं म्हणून पोपटरावांनी उरलेलं शेणखत तिकडच्या कोंबांना घातलं. पलीकडे आंब्याच्या सावलीत, मोरीच्या पाण्याच्या ओलीत बांबू असा फोफावला की बघत राहावं. अलीकडे मात्र दिवसभर ऊन होतं. इथला बांबू होता तेवढाच राहिला.

त्यातच सोसायटीत मोफत नेत्रतपासणी शिबिर आलं. पोपटरावांनी पहिलं नाव सकपाळांचं घातलं. ते कळल्यापासून अंकुशरावांचं अन्नावरचं लक्ष उडालं. आता सगळ्यांसमोर खोटं उघडं पडणार होतं, आणि ज्यानं आपल्यासाठी श्रद्धांजल्यासुद्धा वाचल्या त्याच्यासमोर पडणार होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, सरळ नापास व्हायचं. तक्त्यावरचं मोठ्ठं अक्षरदेखील त्यांनी दोनदा चुकीचं सांगितलं. पोपटराव दाराशी उभे राहून हळहळत होते. पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना मशीनसमोर बसवलं आणि मशीनला भीडभाड नसते.

"काका, डोळे एकदम छान आहेत तुमचे," त्या म्हणाल्या. "जवळचं वाचायला चष्मा आहे, तेवढाच पुरे. तक्ता वाचताना घाबरलात का?"

अंकुशरावांनी डोळे मिटून घेतले. आता पोपटराव काय म्हणतात, याची ते वाट पाहत राहिले.

"मॅडम," पोपटराव कापऱ्या आवाजात म्हणाले, "या मानसाला उन्हाळ्यात गेट दिसत नव्हतं. रोज सकाळी बांबूकडं बगवलं मी त्यांना."

"हिरव्याकडे बघितलं की डोळ्यांना आराम मिळतो, ते बरोबर आहे," डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडे वळता वळता म्हणाल्या.

तेवढं पुरलं. दुपारच्या आत गीतांजली मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर बांबूचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की, सकपाळ काकांची दृष्टी विनाऔषध परत आली. अंकुशरावांना वाटलं, सुटलो. डोळे बरे झाले, म्हणजे पेपर आता आपल्या हातात येणार. सोमवारी ते मोठ्या उमेदीनं चहा घेऊन मागच्या दारी आले. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारे तीन तरुण पट्टीत मांडी घालून बांबूकडे टक लावून बसले होते. मंगळवारी बी विंगच्या बायका आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. कुणीतरी रुंद पान तोडून मिटल्या डोळ्यांवर ठेवलं, त्यांना थंड वाटलं, मग प्रत्येकाला दोन पानं हवीशी झाली. अलीकडचा बांबू गुडघ्यावरून घोट्यावर आला. शर्मिलाबाई सकाळी एवढा चहा टाकू लागल्या की दूधवाल्यानं घरात कार्य आहे का म्हणून चौकशी केली.

गुरुवारी अंकुशरावांच्या स्वतःच्या खुर्चीत ए विंगचे एक गृहस्थ बसले होते. अंकुशराव त्यांच्यासमोर कप आणि पेपर घेऊन उभे राहिले.

"काका, जरा बाजूला व्हा, बांबू दिसत नाही," गृहस्थ डोळ्यांवरचं पान उचलून म्हणाले. "तुमचं काय, तुमचे डोळे तर बरे झालेत."

अंकुशराव घरात वळले. हॉलमध्ये आठ-दहा माणसं आपली पाळी यायची वाट पाहत सोफ्यावर बसली होती. त्यांतल्या एकाच्या हातात उद्यासाठी म्हणून आजचंच पान होतं. आपल्या घरात आपल्याला उभं राहायला जागा नाही, हे पाहून त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. "सायेब, ह्ये असं चालनार नाही. लाइन नाही, शिस्त नाही. गाडी भरली तर भरली, पर दारात लोंबकळायचं काम नाही." पोपटराव टांग टाकून अलीकडे आले. त्यांनी एकवार सगळ्यांवर नजर फिरवली आणि कित्येक दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. "चला, पुढं सरका. पुढं जागा हाय. उबे ऱ्हानारे मागं. ओ पावने, पान एकच घ्यायचं, दुसरं ठिवा." मग अंकुशरावांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुमी आमच्याकडं जाऊन बसा निवांत. हिकडलं मी बगतो."

अंकुशराव भिंत ओलांडून पलीकडे गेले. आंब्याखाली पोपटरावांची प्लास्टिकची खुर्ची होती. ते बसले आणि समोर बघून थक्क झाले. पुढे बांबू उभा होता. उंची बसलेल्या माणसाचं डोकं झाकेल इतकी, पान रुंद, झुडूप दाट, वाढ जोमदार. कागदावर लिहिलेली एकूण एक अट पुरी झाली होती. माल चोख आला होता, फक्त तो शेजारच्या पत्त्यावर उतरला होता.

बायजाबाईंनी न बोलता चहाचा कप आणून दिला. चहातून वाफ निघत होती. बांबूपलीकडून पोपटरावांचा आवाज येत होता, पण तो आता दुसऱ्यांसाठी होता, त्यामुळे ऐकायला गोड वाटत होता. अंकुशरावांनी पहिला घोट घेतला आणि जीभ पोळली. किती वर्षांनी पोळली म्हणून त्यांना गहिवरून आलं. त्यांनी चष्मा लावला आणि पेपरचं पहिलं पान उघडलं.

शेजारी पाट सरकल्याचा आवाज झाला.

"भाऊ," कुणीतरी म्हणालं. अंकुशरावांनी दचकून इकडे तिकडे पाहिलं. पाटावर बायजाबाई बसल्या होत्या. "ह्ये लवकर येनार नाहीत ना?"

"नाही वाटत. बरीच गर्दी आहे."

"मग बरं." बायजाबाईंनी पदर सारखा केला. "तुमचे डोळे कदीच खराब नव्हते. मी उंबऱ्यातून बगायची. आमचे ह्ये पेपर वाचताना ओळ चुकले, की तुमी तिरपं बगून गालात हसायचाव."

अंकुशरावांनी पेपर तोंडासमोर धरला.

"बांबू कशापायी लावला, तेबी ठावं हाय मला," बायजाबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्याबी मनात लई डाव आलं, घरात एक लावावा म्हनून. कोनाला सांगनार नाही मी. घाबरू नका. पर लगीन झाल्यापासून यांच्यापुढं मला बोलायची पाळीच आली नाही, भाऊ. लई साचलंय."

अंकुशरावांनी पेपरकडे पाहिलं, मग बांबूकडे पाहिलं. बांबू दाट होता, पलीकडून कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं.

"वाचा, वाचा तुमी," बायजाबाई म्हणाल्या. "मी मधी बोलत नाही. फक्त एक सांगते."

आणि त्यांनी आपल्या लग्नाच्या सुपारीपासून सुरुवात केली. वरात गावाच्या वेशीपर्यंत येईतो अंकुशरावांच्या चहावर साय धरायला लागली होती.